पाकिटाची पाठ

३ फेब्रुवारी

ताई,

नऊ पेन्स.

एका पानाच्या पत्राला, शंभरेक मैलांसाठी, नऊ पेन्स. आणि ते लिहिणाऱ्याने भरायचे नाहीत, ज्याच्या दारात पत्र येईल त्याने भरायचे. दोनशे वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये शेतावर राबणाऱ्या माणसाला दिवसाचे अठरा-वीस पेन्स सुटायचे. म्हणजे टपालवाला दारात उभा राहिला की आधी अर्ध्या दिवसाचा घाम त्याच्या हातावर ठेवायचा, आणि मग भावाची खुशाली वाचायची. पत्र दोन पानी असलं तर अख्ख्या दिवसाचा. असं एक पत्र आत्ता माझ्या टेबलावर आहे. मी त्याला जे मोजलं त्यात माझ्या कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी चिकटवणाऱ्या बाईचा महिन्याचा पगार निघाला असता. पण त्याची खरी किंमत यातली एकही नाही. ती सांगायलाच लिहायला बसलो, आणि पहिल्याच पानावर धीर सुटला. तेव्हा आधी पत्राबद्दल लिहितो.

तिकीट नाही त्याच्यावर. तिकीट नावाची वस्तूच अजून जन्माला यायची होती. पाकीटही नाही. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, आणि दुसरा कागद आला की पैसे दुप्पट. म्हणून माणसं एकाच मोठ्या कागदावर लिहायची, घडीत घडी घालून त्याचंच पाकीट करायची, लाखेचा ठिपका ठोकायची, आणि मधल्या कोऱ्या चौकोनात पत्ता. त्या पत्त्यावर टपाल कचेरीतला कुणी कारकून बोरूने नऊचा आकडा ओढायचा, एवढा मोठा की नाव झाकलं जावं. एका कागदाच्या पोटात सगळं: मजकूर, पाकीट आणि बिल.

तुला वाटेल, रद्दीवाल्याला हे कुठून सुचलं. तीन वर्षांपूर्वी एका वकिलाची जुनी कचेरी मोडली, ऐंशी किलो कागद माझ्या गोदामात आला. मी सहज एक उचलून झटकला. ताई, कागद फडफडला नाही. वाजला. आजचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तो कुरकुरतो. हा चिंध्यांचा, सुती. पातळ पत्र्यावर नख मारावं तसा नाद आला. गोदामात दोन हमाल भांडत होते, बाहेर गाडी मागे घेत होते, त्या सगळ्या गोंगाटातून मला तेवढाच ऐकू आला. उघडून बघितलं तर अठराशे तेवीस साल. आपल्या खापरपणज्याच्या आधीचा कागद, आणि शाई अशी की बोट लावायला भीती वाटावी. मी तराजू थांबवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी तराजूवरून काही खाली उतरवलं.

तेव्हापासून नाद लागला. आता अशी दोनशे चौदा पत्रं झालीत. तुझी भावजय म्हणते, "आयुष्यभर लोकांची रद्दी विकलीत, आता लोकांची रद्दी विकत घ्या." जुनं अक्षर मला वाचता येत नाही, म्हणून एका निवृत्त पोस्टमास्तरांना गाठलंय. दर गुरुवारी येतात. मला रद्दीशेठ म्हणतात आणि साखर तीन चमचे घेतात.

या पाकिटावरचा तुझा पत्ता मी आधी कच्च्या कागदावर तीनदा गिरवला आणि मग उतरवला. शाळा सुटल्यावर तू मला घरी बसवून अक्षर घोटायला लावायचीस, वहीच्या मागच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने दहापैकी गुण द्यायचीस. सात पडले की खेळायला सोडायचीस. मला सात किती वेळा पडले ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

एकोणीस वर्षं झाली. उत्तर नको, नुसतं वाच.

तुझा,
ससा
(कान अजून तेवढेच मोठे आहेत.)


२१ मार्च

ताई,

पत्र परत आलं. 'घेण्यास नकार' असा जांभळा शिक्का आणि खाली टपालवाल्याची वेलांटीसारखी सही. शिक्का वाचला आणि पाकीट सरळ टेबलाच्या खालच्या खणात टाकलं. दुसऱ्यांदा बघवलं नाही.

पण लिहिणं थांबवत नाही. त्याला कारण तूच आहेस, म्हणजे तुझा नकार. गुरुवारी मास्तर आले तेव्हा मी आडून विचारलं, की त्या काळी पत्र नाकारायचे का हो लोक? मास्तरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता तासभर बैठक.

नाकारायचे, म्हणाले, आणि भरपूर नाकारायचे. नऊ पेन्स कुठून आणायचे गरिबाने? मग त्यांनी युक्ती काढली. मुलगा शहरात कामाला निघाला की घरी ठरवून जायचा. पत्रावर नावाच्या आधी रेघ असली तर मी धडधाकट आहे. रेघ नसली तर आजारी. नावाखाली ठिपका असला तर काम मिळालं. टपालवाला दारात आला की आई पत्र हातात घ्यायची, उलटंसुलटं करायची, उसासा टाकायची आणि म्हणायची, परवडत नाही हो, न्या परत. पत्र परत जायचं आणि निरोप घरात राहायचा. आत नुसता कोरा कागद.

मी म्हटलं, "फुकटे की हो, मास्तर."

मास्तर म्हणाले, "रद्दीशेठ, तुम्ही कधी आईला कोरा कागद पाठवलाय? तेवढ्यासाठी चाळीस मैल चालत टपाल कचेरीत गेलाय?"

धंद्यात मी शंभर जणांची तोंडं बंद केली असतील, पण ते पैशाच्या जोरावर. हे वेगळं होतं. कारखान्यात मी वीस हजार खोकी दिवसाला काढतो, त्यातल्या एकाही खोक्यावर एवढं वजनदार काही छापलेलं नाही, जेवढं त्या एका रेघेत असेल.

मग त्यांनी माझ्याकडचं एक पत्र वाचून दाखवलं. मी ते जाळी-जाळी दिसतं म्हणून बाजूला टाकलं होतं, वाटलं कुणा पोराने गिरगोट्या मारल्यात. मास्तरांनी कागद उभा धरला आणि वाचायला लागले, मग आडवा फिरवला आणि तरी वाचतच होते. दुसरा कागद घेतला तर दुप्पट पैसे, म्हणून बाईने पान भरल्यावर तेच पान आडवं करून लिहिलेल्या ओळींवरून पुन्हा ओळी लिहिल्या होत्या. मुलाला लिहीत होती. उभ्या ओळींत सगळा हिशेबी मजकूर: गाय व्याली, छप्पर गळतं, धाकटीला ताप आला आणि गेला. आडव्या ओळींत तू केव्हा येशील. फक्त तेवढंच, पाच वेगवेगळ्या तऱ्हेने. मास्तर वाचायचे थांबले तरी मला त्या बाईचा आवाज येत होता. तुला माझे कान माहीत आहेत. उगाच सांगत नाही.

भावोजीही जहाजावरून तसंच लिहायचे ना? दोन्ही बाजूंनी, समासातसुद्धा. तो निळा पातळ कागद

असो. पुढच्या वेळी.

ससा


१४ जून

ताई,

दुसरंही परत आलं. खणात ठेवलंय.

आज मी लहान पोरासारखा झालोय. बातमी कुणाला सांगू? तुझी भावजय ऐकून घेते आणि मध्येच गॅस बंद केला का बघायला उठते. तेव्हा तुलाच.

जुन्या वस्तू विकणारा एक माणूस आहे, बोलण्यात लोणी, मापात लबाड. त्याच्याकडे पत्रांचा गठ्ठा आला होता. एकेक चाळताना एक हाती आलं, ते न उघडलेलं होतं. लाख शाबूत! अठराशे एकोणतीस सालचा शिक्का. पत्ता एका खेड्यातल्या पाणचक्कीवाल्याच्या बायकोचा, त्यावर नऊचा आकडा, आणि त्या आकड्यावर काट मारून कुणी कारकुनाने एकच शब्द लिहिलेला: नाकारलं.

विकणाऱ्याने समोरची बाजू बघून भाव सांगितला. मी पत्र उलटलं. लाखेच्या ठिपक्याच्या डाव्या अंगाला, घडीच्या अगदी कडेला, तीन बारीक ठिपके. शाईचे, एका ओळीत. शिंतोडे नव्हेत. शिंतोडा पडतो तेव्हा त्याला शेपूट असतं, हे टेकवलेले होते, जपून. मी चेहरा दगडाचा केला, थोडी घासाघीस केली, नाही तर त्याला संशय आला असता, आणि पत्र खिशात घालून रस्त्यावर आलो. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.

गुरुवारपर्यंत दम निघाला नाही, मास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि आधी माझ्यावरच उखडले. असं पत्र असूच शकत नाही, म्हणाले. नाकारलेलं पत्र मुख्य कचेरीत जायचं, तिथे ते फोडून लिहिणाऱ्याचा पत्ता काढायचे आणि परत पाठवायचे. न फोडलेलं राहीलच कसं? मग भिंग पुन्हा उचललं. लाख बघितली, घडी बघितली, शिक्का बघितला. शेवटी म्हणाले, "खणात राहिलं असेल हो. खेड्यातला पोस्टमास्तर, परत पाठवायचं विसरला असेल. मीही दोन विसरलोय नोकरीत." आणि मग अगदी हळू, "रद्दीशेठ, हिने ठिपके बघितले. तिला कळलं. आणि तिने हे परत दिलं."

आम्ही दोघं म्हातारे त्या कागदाकडे बघत बसलो. चहावर साय धरली. दोनशे वर्षांत त्या ठिपक्यांकडे बघणारे आम्ही तिसरे आणि चौथे. ठिपके म्हणजे काय ठरलं होतं, कुणालाच कधी कळणार नाही. पोहोचलो? पोरगं झालं? माफ कर? त्या बाईने ओट्यावर पीठ झटकत ते वाचलं, टपालवाल्यासमोर चेहरा पाडला, आणि आत जाऊन काय केलं असेल? हसली असेल का?

मास्तर म्हणाले, विकणाऱ्याला दिसलं कसं नाही? दिसणार कसं, त्याने पाठ बघितलीच नव्हती. ताई, बढाई नाही मारत, पण माझं सगळं आयुष्य कागदाच्या पाठीवर उभं आहे. रद्दीत पाठकोऱ्याचा भाव वेगळा, तेव्हापासूनची सवय. कुठलाही कागद हातात आला की आधी उलटतो. चाळीस वर्षांत मागची बाजू बघितल्याशिवाय एकही कागद मी हातातून खाली ठेवलेला नाही. मास्तरांना मी हे तोंडावर सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पहिल्यांदाच.

ससा


२ सप्टेंबर

ताई,

फोडायचं की नाही?

तीन महिने हाच घोळ चालू आहे. मास्तर म्हणतात फोडलंत तर तुमचं तोंड बघणार नाही. तुझी भावजय म्हणते फोडा एकदाचं, घरात शांतता होऊ दे. काल दुपारी एकच्या सुट्टीत, यंत्रं थांबली आणि बायका डबे घेऊन बाहेर गेल्या, तेव्हा मी केबिनचं दार लावून घेतलं. ती अर्ध्या तासाची शांतता मला लागते. पत्र कानाजवळ नेलं आणि बोटाने हलकेच टिचकी मारली. मग त्याच काळातलं लिहिलेलं दुसरं पत्र तसंच वाजवलं. जुनी शाई कागदात मुरते, त्या जागा थोड्या बोथट वाजतात. हे सारखं वाजत होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घंटेसारखं. आत काही लिहिलेलं नाही. कोरं आहे. पैजेवर सांगतो.

पत्र खाली ठेवलं आणि लक्षात आलं की पत्र न फोडता आत काय आहे हे मी आयुष्यात याआधीही एकदा ऐकलंय.

तुझी पत्र्याची पेटी. भावोजी गेल्यावर तू लहान घरात गेलीस आणि ती माझ्या गोदामात ठेवलीस, वरच्या फळीवर, सुतळी बांधून. सहा महिन्यांनी तू न्यायला आलीस तेव्हा पेटी होती, पत्रं नव्हती. मी तुला म्हटलं, नव्या हमालाने चुकून रद्दीत टाकली. हमालाला बोलावलं, त्याने खाली मान घालून हो म्हटलं. तू त्याच्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, रिकामी पेटी उचललीस आणि गेलीस. तेव्हापासून बोलली नाहीस.

ताई, हमालाने काही केलेलं नव्हतं. त्या दिवशी कागदाच्या मिलला रद्दीची गाडी जायची होती. नऊ टन भरले तर वरचा दर, कमी भरलं तर खालचा. गाडीचा वजनकाटा दहा-दहा किलोने पुढे सरकतो. एक आकडा कमी पडत होता. गोदाम झाडून काढलं होतं, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मी शिडीवर चढलो. सुतळी मी सोडली. मला वाटलं असेल तुझ्या शाळेच्या जुन्या वह्या, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. पण मी गठ्ठा उचलला तेव्हा तो वाजला. तो पातळ, निळा, विमानाच्या टपालाचा कागद. सळसळ होती ती, वह्यांची नव्हती. मला कागद ओळखायला डोळे लागत नाहीत. मला कळलं होतं. अर्ध्या क्षणात कळलं होतं, आणि हात तोपर्यंत पुढे गेला होता, आणि मी तो मागे घेतला नाही.

अकरा वर्षांची पत्रं. चार किलो. काट्याचा आकडा सरकला.

मिल किती लांब होती? गाडी पकडता आली असती. मी दुपारचं जेवलो त्या दिवशी. दोन भाकरी जास्त खाल्ल्या, दर चांगला मिळाला म्हणून.

मी दुसऱ्यांची पत्रं जमवतोय ती का, हे मला मास्तरांनी कधी विचारलं नाही. त्यांनाही कान आहेत.

पाणचक्कीवालीचं पत्र मी फोडणार नाही. माझ्या हातून आणखी एक पत्र जायला नको.

ससा


११ नोव्हेंबर

ताई,

ज्या पत्रात मी खरं लिहिलं तेही परत आलं. तीन आणि चार एकाच दिवशी आली, मधल्या काळात टपालवाल्याने साठवली असावीत. खणात टाकली. तुला कळायलाच नको होतं का, असं वाटून थोडा रागही आला. मग स्वतःची लाज वाटली.

म्हणून त्या हमालाला शोधलं. आता त्याचं चाकं-पंक्चरचं दुकान आहे, हाताखाली जावई आहे. मला बघून त्याने स्टूल पुसून दिलं. मी उभाच राहिलो आणि म्हटलं, एकोणीस वर्षांपूर्वी तुझ्यावर घातलं ते माझं होतं, मला माफ कर. तो ट्यूब पाण्यात दाबत होता. बुडबुडे कुठून येतात ते बघत म्हणाला, "शेठ, ताईंना माहितीये. मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो होतो."

मी खाली बसलो.

त्याने सगळं सांगितलं. तू त्याला पाणी दिलंस. रडली नाहीस. त्याने विचारलं, मग शेठशी बोला ना तुम्ही. तेव्हा तू म्हणालीस, "नाही. तो स्वतः सांगेल. त्याचं अक्षर सुधारायलाही वेळ लागला होता."

एवढं सांगून त्याने ट्यूबला खडूने खूण केली आणि जावयाला हाक मारली. पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, "कशाचे? तुमच्या गाडीला काही झालेलं नाही."

म्हणजे एकोणीस वर्षं तू माझ्यावर पत्रांसाठी रागावलेली नव्हतीस. त्या एका वाक्यासाठी थांबली होतीस. आणि मी ते वाक्य लाख लावून, घड्या घालून, आत दडवून पाठवत होतो, चौथ्या पत्रात, तिसऱ्या पानावर. बंद पाकिटातली कबुली तुला नको असेल. मला तरी तसंच वाटतंय. मीही घेतली नसती.

दुसरी गोष्ट. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मास्तर माझ्या पत्रांचं प्रदर्शन मांडतायत. पाणचक्कीवालीचं पत्र मधोमध, काचेखाली, आरसा लावून, म्हणजे पाठही दिसेल. त्याच्या शेजारी आजच्या काळातलं नाकारलेलं एखादं पाकीट हवं म्हणतात, तुलनेसाठी. माझ्याकडे आहेत हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगू का? नाही म्हणायचं असेल तर हे पत्र परत पाठव. (पाठवशीलच.)

ससा


२० डिसेंबर
पोस्टकार्ड

ताई, हे कार्ड आहे. याला आत नाही. टपालवाला वाचेल, तुझ्या जिन्यातले वाचतील, वाचू देत. भावोजींची पत्रं मी माझ्या हाताने, ओळखून, रद्दीच्या गाडीत टाकली. हमालाने नाही. खोटं मी बोललो. बस, हे झालं.

पाचवं परत आलं. मग मी मास्तरांना खण उघडून दिला. त्यांनी शिक्के बघितले, माझ्याकडे बघितलं, नाव वाचलं. एक पाकीट उचललं आणि सवयीने उलटलं. म्हणाले, "शेठ, हे चार कसले?" मी म्हटलं, कसले चार? त्यांनी दुसरं उलटलं. तिथेही चार. तिसऱ्यावर पाच.

(जागा संपली. आता कार्ड आडवं धर.)

चौथ्यावर पाच. पाचव्यावर सहा, आणि सहाखाली बारीक रेघ. शिसपेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात, जिथे वहीत असायचे तिथेच. दहापैकी. पत्त्याच्या अक्षराला. म्हणजे दर वेळी टपालवाल्याला दारात उभं करून, पाकीट हातात घेऊन, चष्मा लावून तू गुण दिलेस आणि मगच नको म्हणालीस. मास्तर आता मला रद्दीशेठ म्हणत नाहीत, नुसतं शेठ म्हणतात, ते जास्त लागतं. पाकिटं प्रदर्शनात ठेवली नाहीत. पाणचक्कीवाली काचेखाली एकटीच आहे आणि लोक आरशात वाकून वाकून ते तीन ठिपके बघतायत.

या कार्डावरचा पत्ता लिहायला मला पाऊण तास लागला. सातला एक कमी आहे एवढं माहीत आहे.

आणि ते चाळीस वर्षांचं मी लिहिलं होतं ना. नऊ महिने तुझी पाकिटं माझ्या गुडघ्याजवळच्या खणात होती. मी एकही उलटून बघितलं नव्हतं.

ससा